चंगालच्या फळीवर कोरलेली मलय म्हण

मलेशियाच्या तेरेंगानू राज्यातल्या बेसूत जिल्ह्यातून करून घेतलेली, अरबी वळणाच्या अक्षरांत मलय म्हण कोरलेली लाकडी पाटी आमच्या क्वालालंपूरजवळच्या पेटालिंग जयाच्या घरात लागून आता वर्ष होत आलं. दोन फूट लांब, नऊ इंच रुंद, अस्सल चंगाल लाकूड, सगळं हातकाम. साडेसहाशे रिंगिट पडले, म्हणजे आपले बारा-तेरा हजार रुपये. घरी येणारे सगळे विचारतात, एवढे पैसे वसूल झाले का? झाले. मी इंटिरियरची कामं करते, लाकूड रोज हाताळते, त्यामुळे नुसतं 'छान आहे' म्हणून थांबत नाही.

क्वालालंपूरच्या बाजारात अरबी अक्षरांच्या तसबिरी पैशाला पासरी मिळतात. बहुतेक एमडीएफवर, म्हणजे दाबून केलेल्या कृत्रिम फळीवर, लेझरने कापलेल्या, वर सोनेरी स्प्रे, किंमत साठ-सत्तर रिंगिट. मजकूर 'बिस्मिल्ला' नाहीतर 'आयतुल कुर्सी' ही कुराणातली आयत, म्हणजे वचन. श्रद्धेनं घेणाऱ्यांबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण तीच तसबीर इस्तंबूलला मिळेल, दुबईला मिळेल. मला हवं होतं ते मलय लोकांचं स्वतःचं काम, त्यांच्या भाषेतलं. आणि ते आहे. शतकानुशतकं मलय भाषा अरबी लिपीवरून घडवलेल्या जावी लिपीत लिहिली गेली. अरबीत नसलेले च, ङ, प, ग, ञ हे उच्चार या लोकांना हवे होते, म्हणून त्यांनी अक्षरांवर जादा नुक्ते, म्हणजे टिंबं, देऊन नवी अक्षरं केली. १९६३च्या राष्ट्रभाषा कायद्यानं रोमन लिपी अधिकृत झाली, जावीवर बंदी मात्र आली नाही. रिंगिटच्या नोटा नीट पाहा, बँकेचं नाव जावीतही आहे. तेरेंगानू-केलांतानला गेलात तर दुकानांच्या आणि रस्त्यांच्या पाट्यांवरही दिसेल.

पाटी ठरवण्याआधी आम्ही क्वाला तेरेंगानूच्या राज्य संग्रहालयात जाऊन तिथला शिलालेख पाहिला. बेसूतला जाणाऱ्या प्रत्येकानं आधी तिथे जावं असं मी सांगेन. १८८७ मध्ये पुरानंतर क्वाला बेरांगजवळ सापडलेला हा दगड म्हणजे मलय भाषेतल्या जावी लेखनाचा सापडलेला सर्वांत जुना पुरावा मानतात. कडेचा तुकडा गेल्यामुळे सालाचा वाद आहे, सर्वसाधारणपणे १३०३ धरतात. युनेस्कोनं २००९ मध्ये त्याची नोंद 'जागतिक स्मृती'च्या यादीत केली. लेख इस्लामी कायद्याचा, लिपी अरबी वळणाची, आणि त्यात ईश्वराला म्हटलंय 'देवता मुलिया राया', म्हणजे थोर महान देव, असं मलय नाव. मी काचेपाशी बराच वेळ उभी होते. इस्लाम आला, लिपी आली, तरी भाषा यांनी आपलीच ठेवली हे त्या दगडावर दिसतं.

आता पाटीकडे येते. कार्यशाळेला नावाची पाटी नाही, जेर्तेह गावाहून विचारत विचारत जावं लागतं. घराच्या मागच्या शेडमध्ये पाक चिक, म्हणजे काका, कोरीवकाम करत बसतात. त्यांना सगळे पाक चिकच म्हणतात, मीही तेच म्हटलं. आम्ही मुसलमान नाही हे कळल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "आयत हवी की पेरिबहासा?" पेरिबहासा म्हणजे म्हण. आयत घेतली तर ती उंचावर लावा, पाठीमागे न्हाणीघराची भिंत नको, हेही सांगितलं. मी म्हण निवडली: 'दि माना बूमी दिपिजाक, दि सितू लांगित दिजुंजुंग.' ज्या भूमीवर पाय ठेवला, तिथलंच आभाळ डोक्यावर धरावं. परक्या मुलखात संसार थाटलेल्या आमच्यासारख्यांना याहून योग्य काय असणार!

अक्षरं त्यांचा भाचा लिहितो. रेसाम नावाच्या नेच्याच्या दांड्याची लेखणी, आपल्या बोरूसारखीच तिरकी छाटलेली. वळण सुलुस या अरबी सुलेखनशैलीचं, उभ्या रेघा उंच आणि डौलदार. कागदावरचं लिखाण फळीवर चिकटवून मग पाक चिक कोरायला घेतात.

खरी कसोटी नुक्त्यांची असते. काम आरपार कोरलेलं, ज्याला तिकडे 'तेबुक तेंबुस' म्हणतात. मागे फळी नाही, उजेड पलीकडे जातो. अक्षरं एकमेकांना आणि चौकटीला जोडता येतात, पण नुक्ता मोकळा असतो, त्याला धरणार कोण? या म्हणीत एकूण २९ नुक्ते आहेत. लेझरवाले काय करतात, तर मागून ऍक्रिलिक लावतात नाहीतर नुक्ता सरळ अक्षराला चिकटवून टाकतात, आणि वाचणाऱ्याचा घोटाळा होतो. पाक चिकनी प्रत्येक नुक्ता वेलीच्या टोकाला कळीसारखा दिला आहे. 'दिपिजाक'मधल्या 'प'चे तीन नुक्ते एकाच देठावर आहेत. 'दिजुंजुंग'च्या शेवटी येणाऱ्या 'ङ'चं पोट खाली मोठं वळण घेतं, आणि सगळी वेल त्या पोटातूनच उगवते. मलय कोरीवकामाचा दंडकच असा आहे की वेलीला उगम असावा, ती वाढताना शेजारणीला टोचू नये, टोक बाहेरच्यावर रोखू नये, नम्रपणे वळावं. आमच्या पाटीवर एकही टोक कोणावर रोखलेलं नाही, मी बोट फिरवून पाहिलंय. म्हणजे जी दोन अक्षरं अरबीत नाहीत, त्या 'प' आणि 'ङ' भोवती सगळी नक्षी बांधली आहे. हे ठरवून केलंय का असं विचारलं तर पाक चिक म्हणाले, "ती आमची अक्षरं आहेत ना, पुआन." पुआन म्हणजे बाईसाहेब.

लाकडाबद्दल. चंगाल सागवानापेक्षा जड आणि कठीण, वाळवी सहजी लागत नाही. तेरेंगानूच्या पुलाउ डुयोंग बेटावर होड्या याच लाकडाच्या बांधत आलेत. आणलं तेव्हा पिवळसर तपकिरी होतं, आता लालसर गडद होत चाललंय. पॉलिश नाही, फक्त मेण. इथल्या दमट हवेत फळी जराही वाकलेली नाही, सांधा कुठे उघडलेला नाही. ओल्या लाकडावर काम केलेलं नाही याची ही खूण.

उणं काय? मागच्या पट्टीला लोखंडी स्क्रू होते. दमट हवेत ते गंजणार आणि लाकडावर काळे डाग पडणार, म्हणून मी काढून पितळी बसवले. एवढ्या किमतीच्या कामाला हे शोभत नाही. कुरियर कंपनीनं खोका पावसात भिजवून आणला तो वेगळाच मनस्ताप. जमलं तर स्वतः जाऊन आणा.

पाक चिकच्या कपाटात जुन्या शिळाछाप धर्मग्रंथांत एक मुंबईत छापलेला निघाला. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या छापखान्यांतून जावी पुस्तकं या भागात येत असत. आपल्या गावच्या शाईत मलय मजकूर पाहून माझ्या अंगावर काटा आला. सांगलीला माहेरी मोडीचे कागद ट्रंकेत पडून आहेत, घरात वाचणारं कोणी उरलं नाही. म्हणून मला जावीबद्दल जास्तच वाटतं. २०१९ मध्ये चौथीच्या मलय भाषेच्या पुस्तकात खत, म्हणजे अक्षरलेखन, घालायचं ठरलं तेव्हा चिनी आणि तमिळ शाळांकडून मोठा विरोध झाला आणि ते ऐच्छिक करावं लागलं. सक्तीची भीती मला समजते. पण ही लिपी केवळ धर्माची नाही, ती मलय लोकांच्या पत्रांची, कवितांची, करारांची लिपी आहे, आणि हे भिंतीवरच्या अशा एका म्हणीनं जितकं पटतं तितकं भाषणांनी पटत नाही. आमच्या शेजारच्या काक, म्हणजे ताई, पहिल्यांदा आल्या तेव्हा चपला काढता काढता थांबल्या, अक्षराला अक्षर लावत मोठ्यानं म्हण वाचली आणि मुलाला हाक मारून त्याच्याकडून वाचून घेतली.

मागवणार असाल तर मजकूर रोमनमध्ये द्या, जावी त्यांना लिहू द्या, आणि कोरण्याआधी कागदावरचा फोटो जावी जाणणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. स्क्रू पितळीच हवेत हे आधी सांगा. अर्धी रक्कम आगाऊ लागते. घाई करू नका, दोन-अडीच महिने धरून चाला. नोव्हेंबर ते जानेवारी तिकडे ईशान्य मोसमी पावसात रस्ते पाण्याखाली जातात, त्यामुळे मार्च ते सप्टेंबरमध्ये गेलेलं बरं.