कोल्ट १८५१ की रेमिंग्टन १८५८: अडकल्यावर सोपी कोणती?

आमच्या आबाजीजवळ पीकराखणीची परवान्याची भरमार बंदूक होती. उडवली की त्याच रात्री चुलीवरच्या कढत पाण्यानं नळी धुवायची, मग तेल. काळ्या दारूची काजळी ओल धरते, लोखंड खाते. कोल्ट १८५१ नि रेमिंग्टन १८५८ या काळ्या दारूच्या जुन्या रिव्हॉल्वरच्या प्रतिकृतींनाही तोच नियम.

कोल्टची चौकट वरून उघडी. फुटलेल्या टोपीचा (दारू पेटवणाऱ्या छोट्या वाटीचा) तांब्याचा कपचा घोड्याच्या खाचेत पडतो नि घोडा पुरता उतरतच नाही. नळी चौकटीला धरणारी पाचर सैल झाली तर नळीही हलते. पण गोळ्यांच्या फिरत्या चक्राचा आस जाड, खाचांत ग्रीस धरणारा.

रेमिंग्टनची चौकट बंद, भक्कम. आस बारीक, म्हणून चक्र काजळीनं लवकर जखडतं. मात्र ते काढायला कोल्टसारखी नळी सोडवावी लागत नाही: नळीखालची दांडी खाली, आसाची पिन पुढे, झालं. त्यासाठीच मी रेमिंग्टन घेईन. सोडवायला हात लावण्याआधी चक्रातली गोळ्यांची सगळी घरं रिकामी आहेत का, ते दोन्हीत पाहायचंच.