सीडरची पेटी: बाहेर लाख आणि पॉलियुरेथेन, आत कोरं लाकूड. आठ महिन्यांनंतर

कपडे ठेवायची ही पेटी सुगंधी तांबड्या सीडरची आहे. नावात सीडर असलं तरी हे झाड देवदाराच्या कुळातलं नाही, ते जुनिपर आहे. लाकूड मऊ, गाठींनी भरलेलं आणि तेलकट. ज्या तेलाच्या वासासाठी पेटी बनवायची तेच तेल फिनिश (लाकडावरचा संरक्षक थर) बिघडवतं, म्हणून फिनिश कोणतं घ्यायचं याच्या आधी ते कुठे लावायचं नाही हे ठरवावं.

आतल्या बाजूला काहीही लावलेलं नाही आणि हा निर्णय सगळ्यात बरोबर ठरला. आत वॉर्निश मारलं तर वास कोंडतो, शिवाय बंद पेटीत साठलेली तेलाची वाफ ते मऊ करते आणि कपडे चिकटतात. अळशीचं तेल तर आत मुळीच नको. बंद जागेत ते महिनोन्महिने वाळत राहतं आणि त्याचा खवट वास लोकरीत उतरतो.

बाहेरून पहिला थर मेण काढलेल्या लाखेचा, म्हणजे डीवॅक्स्ड शेलॅकचा. एक लिटर स्पिरिटला 240 ग्रॅम लाखेची पापडी रात्रभर भिजवून, गाळून, ब्रशने दोन हात दिले; मधे तासाभराचं अंतर. साधी मेणाची लाख इथे चालत नाही, तिच्यावर पॉलियुरेथेन (एक प्रकारचं टणक वॉर्निश) नीट धरत नाही. विरघळवलेली लाख सहा महिन्यांहून जुनी असेल तर टाकून द्यावी, ती कडक होत नाही. वर तेलबेसचं पॉलियुरेथेन थोडं टर्पेंटाइन घालून पातळ केलेलं, फडक्याने तीन हात. प्रत्येक हातानंतर 24 तास थांबून 320 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासलं. (वापरलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेतात. उघडी पसरून वाळवावीत.)

लाखेचं महत्त्व गाठींवर दिसलं. मागच्या फळीवरच्या एका गाठीवर लाखेचा हात सुटला होता. तिथलं पॉलियुरेथेन महिनाभर बोटाला चिकटत होतं आणि आजही नखाने दबतं. बाकीच्या गाठी टणक आहेत. गाठी जास्त असतील तर लाखेआधी त्या स्पिरिटच्या फडक्याने पुसाव्यात आणि लगेच लाख मारावी. उशीर केला तर तेल पुन्हा वर येतं.

दुसरी चूक काठावर झाली. झाकण जिथे पेटीवर टेकतं त्या कडेवर फिनिशचा ओघळ गेला. दोन महिन्यांत ती जागा चिकट झाली आणि झाकण उघडताना चर्र असा आवाज येऊ लागला. ओघळ खरवडून कड कोरी केल्यावर त्रास थांबला. फिनिश लावण्याआधी कडेला मास्किंग टेप लावली असती तर हे काम वाचलं असतं.

दमट महिन्यांत झाकणाच्या कडा सुमारे 2 मिलिमीटर वर उचलल्या. बाहेरची बाजू बंद आणि आतली उघडी, म्हणून आतली बाजू ओलावा लवकर घेते आणि फुगते. समतोलासाठी आतून एक हात मारावा असं वाटेल, पण मग आधी सांगितलेला चिकटपणा पुन्हा. झाकणाला खालून दोन आडव्या पट्ट्या हव्यात. पट्टीत स्क्रूचं मधलं भोक गोल आणि दोन्ही टोकांची भोकं पट्टीच्या लांबीत लांबट ठेवावीत, म्हणजे फळी हलते पण वाकत नाही.

रंगाबद्दल अपेक्षा कमी ठेवाव्यात. ताजा जांभळट तांबडा रंग उजेडात तपकिरी होतोच. खिडकीकडची बाजू चार महिन्यांत स्पष्ट फिकी पडली. अतिनील किरण अडवणारं वॉर्निश हा बदल लांबवतं, थांबवत नाही. पेटी खिडकीपासून दूर ठेवणं स्वस्त आणि जास्त परिणामकारक.

कपडे थेट लाकडावर ठेवू नयेत, तेलाचे पिवळे डाग पडतात. तळाशी धुतलेलं सुती कापड घालावं. कसरीबाबतही भाबडा भरवसा नको. सीडरच्या वासाने कपडे खाणाऱ्या पतंगाच्या अगदी लहान अळ्या मरतात, मोठ्या अळ्या तग धरतात. कपडे धुऊन ठेवणं आणि झाकण घट्ट बसणं याला जास्त महत्त्व आहे.

वास मंदावला की आतून 220 नंबरच्या पेपरने लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलका हात फिरवावा आणि भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. वरून सीडरचं तेल चोळू नये, त्याने डाग वाढतात.