व्हाउचरशिवाय केलेली नोंद

भोसरीतल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये मी एकतीस वर्षं काढली. व्हाउचर नसेल तर मालकाच्या मुलाचा पेट्रोलचा खर्चही मी वहीत घेत नसे. "बाई, वीस रुपयांचा चहा आहे हो," असं म्हणणाऱ्यालासुद्धा मी चहावाल्याची सही आणायला परत पाठवलं आहे. माझ्या माघारी लोक काय म्हणत ते मला ठाऊक होतं. तर अशा बाईने स्वतःच्या पाच लाखांची नोंद कागद न बघता कशी केली, ते सांगते.

जानेवारी २०२१ मध्ये मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. ईपीएसची पेन्शन महिना २,९०० रुपये, म्हणजे गॅस, वीज आणि वर मोबाईलचं रिचार्ज. बाकी सगळं पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांवर. यजमान एसटीत कंडक्टर होते, त्यांची पुंजी धरून दोघांचे मिळून ४३ लाख झाले. हे पैसे आता वाढवायचे नाहीत, पुरवायचे आहेत, हे मी आधीच ठरवलं होतं. लाल पुठ्ठ्याची एक वही केली आणि त्यात पानं पाडली. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख, तेव्हा एवढीच मर्यादा होती. पोस्टाच्याच मासिक उत्पन्न योजनेत जोडखात्यावर ९ लाख, त्याचे महिन्याला ४,९५० येत. प्रत्येकी सव्वाचार लाखांच्या चार एफडी, वेगवेगळ्या बँकांत आणि वेगवेगळ्या वर्षी संपणाऱ्या. सव्वाचारच का, तर बँक बुडाली तर ठेव विमा पाच लाखांपर्यंतच मिळतो, आणि त्या पाचात व्याजही धरतात. उरलेले दोन लाख मुलीच्या आग्रहाने निर्देशांकाच्या म्युच्युअल फंडात. ते गेले तरी जेवण बंद पडणार नाही, एवढेच.

बचत योजनेचा फॉर्म भरून ठेवला होता तेव्हाची गंमत आठवते. ३१ मार्च २०२१ च्या रात्री बातमी आली की व्याज ७.४ वरून ६.५ टक्के केलं. रात्रभर माझ्या डोक्यात वजाबाक्या चालल्या होत्या. सकाळी अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं की आदेश नजरचुकीने निघाला, जुनाच दर राहील. दर तिमाहीचे माझे २७,७५० रुपये कायम राहिले. यजमान म्हणाले, "सरकारचंही डबल तिकीट फाटतं कधी कधी."

तीन वर्षं वही चोख चालली. एप्रिल २०२४ मध्ये पहिली एफडी संपली, व्याजासह पाच लाख झाले. तोवर बचत योजनेची मर्यादा ३० लाख झाली होती आणि दर ८.२ टक्के. म्हणजे पाच लाखांचे तिमाहीला १०,२५० रुपये. एफडी मोडायची आणि पोस्टात टाकायची, असं ठरवूनच मी बँकेत गेले. व्याजातून कर (टीडीएस) कापू नये म्हणून १५एच फॉर्म द्यायचा होता, तोही हातात होता.

काउंटरवरच्या मुलीने मला आतल्या टेबलाकडे पाठवलं. तिथे रिलेशनशिप मॅनेजर म्हणून एक मुलगा होता, असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा. गळ्यात बँकेचं ओळखपत्र, टेबलावर बँकेचा शिक्का, मागे बँकेचं कॅलेंडर. आधी "मॅडम" म्हणाला, चहा आल्यावर "काकू". गाव विचारलं. आपली आई परभणीला एकटी असते म्हणाला. १५एच त्यानेच घेतला, शिक्का मारून पोच दिली. मग म्हणाला, "काकू, पोस्टात कशाला रांगेत उभ्या राहता? आपलीच सीनियर सिटिझनची स्कीम आहे. पाच वर्षं, नऊ टक्के. पोस्टात व्याज दर तिमाहीला हातात येतं आणि खर्च होतं, आपल्याकडे ते साठत जातं."

मी विचारलं, "एफडीच ना?"

"एफडीसारखंच, काकू."

या "सारखंच"वर मी नंतर किती रात्री जागून काढल्या, त्याचा हिशोब वहीत नाही.

खरं सांगायचं तर त्या क्षणी डोक्यात टिचकी वाजली होती. त्याच बँकेच्या भिंतीवर सव्वासात टक्क्यांचा बोर्ड होता, मग याचे नऊ कुठून? पण गुडघे दुखत होते, बाहेर ऊन होतं, आणि पोस्टात लिंक नसते तेव्हा तीन-तीन तास बसावं लागतं. लोक म्हणतात, म्हातारी माणसं हावरेपणाने फसतात. मी पाऊण टक्क्याच्या हावेने फसले नाही. मी फसले ती एका फेरीचा कंटाळा केला म्हणून.

पुढचं सगळं टॅबवर झालं. आधार, पॅन, फोटो. "नॉमिनी कोण?" मी मुलीचं नाव सांगितलं. "मग ताईंनाही एक ओटीपी जाईल." मी नाशिकला फोन करून तिच्याकडून ओटीपी घेतला आणि त्याला दिला. काचेवर बोटाने दोन-तीन सह्या केल्या. निघताना तो म्हणाला, "काकू, एक फोन येईल, व्हेरिफिकेशनचा. सगळ्याला हो म्हणा, नाहीतर प्रोसेस अडकते." फोन आला तेव्हा मी मंडईत होते. पलीकडची बाई रेल्वेच्या घोषणेसारखी हिंदीत बोलत होती, मी एका हातात मेथी धरून पाच वेळा "हां जी" म्हटलं. दोन दिवसांनी त्याचा व्हॉट्सॲप आला, "काकू, तुमची एफडी सीनियर स्कीममध्ये टाकली, ९ टक्के, ५ वर्षांनी एकदम मिळेल."

घरी यजमानांनी विचारलं, "पावती कुठंय?"

"आता सगळं डिजिटल असतं."

"पैसे दिले आणि तिकीट नाही घेतलं?" असं म्हणून ते पेपर वाचायला लागले. मी वही काढली, पान पाडलं आणि लिहिलं: बँक, सीनियर स्कीम, ५ लाख, ५ वर्षे, ९%. पुढे व्हाउचर क्रमांकाचा रकाना असतो. तो कोरा ठेवला.

बरोबर एका वर्षाने, एप्रिल २०२५ मध्ये, पासबुक छापायला गेले. एक ओळ दिसली, ५९० रुपये नावे, मँडेट परत गेल्याचा दंड. पाचशे आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, हे लगेच कळलं. मँडेट म्हणजे खात्यातून आपोआप पैसे वळते करायची परवानगी. पण कसलं मँडेट, ते कळेना. काउंटरवर विचारलं तर मुलगी म्हणाली, "तुमच्या विम्याचा पाच लाखांचा दुसरा हप्ता होता, खात्यात बॅलन्स नव्हता."

विमा. दुसरा हप्ता.

तो मुलगा शाखेत नव्हता, बदली झाली म्हणे. नव्या मॅनेजरने पॉलिसीची प्रत छापून दिली. मी घरी येऊन पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसले, ऑडिटला बसावं तशी. ती युलिप होती, म्हणजे विमा आणि शेअर बाजार एकत्र बांधलेली योजना. मुदत दहा वर्षं, हप्ता वर्षाला पाच लाख, पाच वर्षं भरायचा. म्हणजे एकूण २५ लाख! विमा माझा नव्हताच, माझ्या मुलीच्या जिवावर होता, कारण एकसष्टीच्या बाईचा विमा महाग पडतो. नॉमिनीचा म्हणून दिलेला ओटीपी तिची संमती ठरला होता. सगळे पैसे शंभर टक्के शेअरच्या फंडात. हप्त्यातून आधी वाटपाचा खर्च, मग दरमहा प्रशासनाचा आणि विम्याच्या जोखमीचा, शिवाय फंड चालवण्याचा. वर्षाअखेर पाच लाखांचे ४ लाख ६१ हजार झाले होते. ईमेलचा पत्ता माझ्या नावाचा, पण माझा नाही. म्हणून पॉलिसी कधी आलीच नाही.

बंद करू म्हटलं तर दंड पाच-सहा हजारांच्या वर नाही, तो किरकोळ. खरी गोम वेगळी आहे. युलिपला पाच वर्षांचं कुलूप असतं. हप्ता थांबवला की उरलेले पैसे एका बंद फंडात जातात, तिथे किमान ४ टक्के मिळतात, आणि हातात येतात कुलूप उघडल्यावरच. माझ्या बाबतीत एप्रिल २०२९ मध्ये. माझी सगळी रचनाच दरवर्षी एक एफडी सुटण्यावर उभी होती. त्यातली एक पायरी निखळली, आणि त्याच जूनमध्ये यजमानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

आठ दिवस मी कुणाला सांगितलं नाही. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-१ बाँड, म्हणजे बँक अडचणीत आली की बुडू शकणारे रोखे, शून्यावर आले, आणि ते किती ज्येष्ठांना "सुपर एफडी" म्हणून विकले होते हे छापून आलं, तेव्हा याच घरात मी मान हलवून म्हटलं होतं, "वाचत नाहीत लोक." शेवटी मुलीला फोन केला. ती ओरडली नाही. "आई, कागद किती आहेत आपल्याकडे?" एवढंच म्हणाली.

मग मी कागद मांडले. प्रपोजल फॉर्ममध्ये माझा व्यवसाय "स्वतःचा उद्योग" आणि वार्षिक उत्पन्न १६ लाख लिहिलं होतं. २५ लाखांचे हप्ते निवृत्त बाईच्या नावावर बसत नाहीत, म्हणून मला एका दुपारीत उद्योजिका केलं होतं. तारीख बघितली आणि उठून कपाट उघडलं. त्याच तारखेची, त्याच शाखेच्या शिक्क्याची माझ्या १५एचची पोच. त्यात अंदाजे उत्पन्न २ लाख ९६ हजार! एकाच टेबलावर, एकाच माणसाने, एकाच दिवशी माझी दोन उत्पन्नं घेतली होती. एकतीस वर्षांत इतका सुंदर विसंगतीचा पुरावा मला ऑडिटमध्ये सापडला नव्हता. व्हॉट्सॲपचा तो मेसेजही होता. तो मी पुसला नव्हता, निव्वळ आळसाने.

पॉलिसी नको असेल तर कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. मी ज्या दिवशी छापील प्रत मिळाली ती तारीख धरली, आणि आठवड्याच्या आत विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला रद्द करा असं लेखी कळवलं. बँकेलाही प्रत दिली आणि पोच घेतली. कंपनीचं उत्तर आलं की तुमच्या सह्या आहेत, फोनवर तुम्ही सगळं मान्य केलं आहे, ईमेल वेळेत पोहोचला आहे, मुदत संपली. बँक म्हणाली, आम्ही फक्त एजंट, उत्पादन कंपनीचं. टेबल तुमचं, शिक्का तुमचा, चहा तुमचा, आणि उत्पादन तेवढं दुसऱ्याचं. विमा प्राधिकरणाच्या "बिमा भरोसा" पोर्टलवरही तक्रार टाकली, पण ती फिरून त्याच कंपनीकडे जाते.

तिथून पुढचा रस्ता अनेकांना माहीत नसतो, म्हणून थोडं थांबून सांगते. कंपनीने नकार दिला किंवा तीस दिवस उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नकारानंतर वर्षभराच्या आत जावं लागतं. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. फी नाही. वकील लागत नाही, चालतही नाही. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत केळकर रस्त्यावर आहे. मी अर्जाला साडेतीन पानं जोडली, प्रत्येक वाक्यापुढे जोडपत्राचा क्रमांक. पोलिसांत जा, वकिलाची नोटीस द्या, असे सल्ले सोसायटीत भरपूर मिळाले. एकाने तर पैसे सोडवून देणारा "एजंट"ही सुचवला, तीस टक्के कमिशनवर. म्हणजे पुन्हा तेच.

ऑक्टोबरमध्ये व्हिडिओवर सुनावणी झाली. कंपनीच्या माणसाने माझ्या "हां जी"चं रेकॉर्डिंग लावलं. त्यात मागून "मेथी दहाला एक" असं स्पष्ट ऐकू येत होतं. मला हसू आलं आणि लाजही वाटली. मग मला विचारलं, "तुम्हाला काय सांगायचं आहे?" मी दोन कागद कॅमेऱ्यासमोर शेजारी शेजारी धरले, १६ लाख आणि २ लाख ९६ हजार. ईमेलचा पत्ता कुणाचा, हे कंपनीला सांगता आलं नाही. त्यांनी मूळ रक्कम परत करायची तयारी दाखवली. व्याज नाही. मी तडजोडीवर सही केली. या वेळी पूर्ण वाचून, आणि वाचायला त्यांना वीस मिनिटं थांबवून.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच लाख खात्यात आले. बचत योजनेतल्या सहा तिमाह्यांचे साधारण ६१,५०० रुपये गेले. ऑपरेशनसाठी दुसऱ्या बँकेतली एफडी मुदतीआधी मोडली, त्याचं व्याज कापलं ते वेगळंच. ही सगळी रक्कम मी वहीत लिहिली आहे. शीर्षक काय द्यावं ते सुचेना, शेवटी "शिकवणी" लिहिलं. मुलगी म्हणते तो शब्द खोड, आणि बहुधा तिचंच बरोबर आहे.

त्या मुलाचं काय झालं, माहीत नाही. त्याच्यावर टार्गेट असणार, आणि परभणीची आई कदाचित खरीही असेल. पण माझ्यानंतर त्या खुर्चीवर जे कुणी बसले असतील त्यांना मी ओळखत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनीच मुंबईत बँकांना विम्याच्या चुकीच्या विक्रीवरून सुनावलं होतं. त्या वेळी माझी पॉलिसी सात महिन्यांची झाली होती आणि मला पत्ता नव्हता. टेबलावरचा माणूस "एफडीसारखंच" म्हणाला की त्याला एवढंच विचारा, पुढच्या वर्षी पुन्हा पैसे भरायचे आहेत का, आणि कागदावर "प्रीमियम" हा शब्द कुठे आहे का. मी हे दोन प्रश्न विचारले नाहीत.

पैसे आल्यावर तिसऱ्या दिवशी पोस्टात गेले. लिंक नव्हती. बाकावर अडीच तास बसले, शेजारी एक आजोबा डबा घेऊनच आले होते. नंबर लागल्यावर खिडकीतल्या बाईंनी फॉर्म माझ्यापुढे परत सरकवला, "मावशी, एक सही राहिलीय. आणि व्याज तीन महिन्यांनी येतं, मधे विचारायला येऊ नका." चहा वगैरे नाही. त्यांनी पासबुकावर शिक्का मारला, तो जरा तिरका बसला.

यजमान दारातच उभे होते. "तिकीट?" म्हणाले. मी पासबुक त्यांच्या हातात दिलं.