तपासणी-फिक्स्चरसाठी ६०६३ ॲल्युमिनियम सेक्शन: वापरानंतरचा अनुभव

भोसरीतील आमच्या कारखान्यात स्टीलच्या शाफ्टची लांबी तपासण्याच्या फिक्स्चरसाठी (माप घेताना शाफ्ट टेकवून धरणाऱ्या चौकटीसाठी) ओतीव लोखंडाऐवजी, आमच्या ड्रॉइंगप्रमाणे डाय (आकाराचे छिद्र असलेला साचा) करून घेऊन त्यातून दाबून काढलेले ६०६३-टी६ (उष्णतेने कठीण केलेली मिश्रधातू) ॲल्युमिनियमचे सेक्शन गेल्या हिवाळ्यापासून वापरात आहेत. फिक्स्चर एकट्या माणसाला उचलता येते, हा लाभ लगेच दिसला. मापांविषयी मत बनवायला मात्र उन्हाळा जाऊ द्यावा लागला.

सर्वांत अवघड भाग टी-स्लॉटचा, म्हणजे बोल्ट बसवण्याच्या टी-आकाराच्या खाचेचा आहे. डायमध्ये स्लॉट घडवणारी जीभ एकाच बाजूने आधारलेली असते आणि साडेचारशे अंशांच्या पुढे तापवलेल्या बिलेटचा (ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचा) दाब पडला की ती किंचित वाकते, त्यामुळे स्लॉटचे तोंड हव्या त्या मापात राहत नाही. आमच्या पुरवठादाराने डायची दुरुस्ती करून हे बऱ्याच अंशी आटोक्यात आणले. एका लॉटमध्ये मात्र ४० मिमी रुंदी ०.१ मिमी कमी भरली आणि ८ मिमीचे स्लॉट जवळपास बरोबर होते. दोष जिभेचा असता तर आधी स्लॉट बिघडले असते. हा फरक सेक्शन सरळ करताना दिलेल्या जादा ओढीचा होता. लांबी एक टक्का वाढली की आडवी मापे सुमारे अर्धा टक्का घटतात, म्हणून ४० मिमीवर जे ठळक दिसते ते ८ मिमीवर जेमतेम दिसते. तेव्हापासून ओढीची टक्केवारी आम्ही ऑर्डरमध्येच लिहितो, आणि माझ्या मते हे डायच्या टॉलरन्सइतकेच (मापातील मान्य फरकाइतकेच) महत्त्वाचे आहे.

सगळ्याच मापांना कडक टॉलरन्स मागण्यात अर्थ नाही. टेकण्याच्या दोन पृष्ठांवर मशिनिंगसाठी जादा माल ठेवावा आणि तो दोन्ही बाजूंनी थोडा थोडा काढावा. एकाच बाजूने काढल्यास आतला ताण मोकळा होऊन पट्टी कमानते. हार्ड ॲनोडायझिंगचा (विजेच्या साहाय्याने पृष्ठावर चढवलेल्या कठीण ऑक्साइडचा) थर ४० मायक्रॉन असेल तर त्याचा साधारण निम्मा भाग बाहेर वाढतो, म्हणजे दोन्ही भिंती मिळून स्लॉट ४० मायक्रॉनने अरुंद होतो. हे ड्रॉइंगमध्ये आधीच धरलेले असावे.

खरी मर्यादा तापमानाची आहे. ॲल्युमिनियम मीटरमागे दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन प्रसरण पावते आणि स्टील त्याच्या निम्मे, त्यामुळे प्रमाणित २० अंशांऐवजी ३५ अंशांच्या दुपारी मीटरभर लांबीवर फिक्स्चर व शाफ्ट यांच्यात ०.१७ मिमीच्या आसपास तफावत पडते. सेक्शन कितीही अचूक निघाला तरी ती जात नाही. आम्ही स्टीलचा मास्टर (ठाऊक लांबीचा नमुना) शाफ्टसोबतच ठेवून त्याच्यावर डायल (फरक दाखवणारे मापक) शून्य करतो, आणि अर्ध्या मीटरपर्यंतच्या कामाला ही पद्धत विश्वासाने पुरते. त्याहून लांब शाफ्टवर ०.०५ मिमीची अचूकता हवी असेल तेथे आम्ही लोखंडी फिक्स्चरच कायम ठेवले आहेत. आखूड मापांसाठी याच सेक्शनची पुढची ऑर्डर दिली आहे.