एस्सिटालोप्राम नऊ महिने घेतल्यावर: भीती गेली, पण मी बोलका झालो का?

एस्सिटालोप्राम ही चिंता आणि भीतीवरची गोळी सुरू करताना मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की हिच्यामुळं मी माणसांत मिसळायला लागीन का. आता नऊ महिने झालेत म्हणून सविस्तर लिहितोय.

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशोब बघतो. शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशोब, कळवायला फोन लावायचा म्हटलं की काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढायचो, नंबर लावायचो, रिंग जायच्या आत कट करायचो, हाताला एवढा घाम की शाई पसरायची. लग्नात अक्षता पडल्या की पंगतीला न बसता मी बाहेर गाडीपाशी. घरचे म्हणायचे पोरगं लाजाळू आहे आणि मीपण बत्तीस वर्षं तेच धरून चाललो.

शेवटी आत्तेभावानं मिरजेला डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले हा नुसता लाजाळूपणा नाही, याला सोशल अँक्झायटी, म्हणजे माणसांत वावरायची भीती, म्हणतात, 1980 पासून मानसोपचारात वेगळा आजार म्हणून नोंद आहे. तिथंच मला रडू आलं.

पहिला आठवडा 5 एमजी, मग 10. पहिले दहा दिवस लई वाईट गेले, मळमळ, झोप नाही, धडधड उलट वाढलेली. असं होतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून टिकलो. चौथ्या आठवड्यात एक दिवस फोन ठेवला आणि बघतो तर कागद घेतलाच नव्हता.

पण खरी गोष्ट इथनं पुढं. मावसबहिणीच्या लग्नात पंगतीला बसलो, शेजारच्या काकांनी विचारलं, कुणाकडचे तुम्ही? सांगितलं. धडधड नाही, घाम नाही, आणि पुढं काय बोलायचं तेच सुचेना. ते काका जिलेबी संपवून उठले तरी मी गप्पच. पंधरा-वीस वर्षं माणसं टाळली, मग गप्पा मारायची सवय लागणार कुठनं? गोळीनं दार उघडलं, चालायला मलाच शिकायला लागलं. डॉक्टरांनी मग दर आठवड्याला एक काम दिलं, चहाच्या गाड्यावर अनोळखी माणसाशी दोन वाक्यं, फोनवर पट्टीशिवाय एक तरी प्रश्न. माझ्या मते निम्मा फरक यानं पडलाय. डीजे आणि गर्दी अजून आवडत नाही, पण तो माझा स्वभाव आहे, आता मी घाबरून पळत नाही, नको वाटलं तर जात नाही.

त्रासाचंपण सांगतो. एकदा स्ट्रिप संपली, तीन दिवस खाडा झाला तर चक्कर आणि डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, त्यामुळं मनानं बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात. शरीरसंबंधाची इच्छा कमी झाली, हे बायकोशी मोकळेपणानं बोलायला लागलं. आणि आज्जी गेली तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं नाही, ते अजून मनाला लागतंय. डॉक्टरांना सांगितलंय, पुढच्या भेटीत डोस बघणार आहेत.

मागच्या महिन्यात जतकडच्या एका शेतकऱ्याला पट्टी सांगितली आणि सहज विचारलं, तुमच्याकडं पाण्याचं कसंय यंदा? वीस मिनिटं बोलले. बोअर, पोरीचं कॉलेज, सगळं. दोन दिवसांनी पेढीवर आले आणि माझ्या टेबलावर हरभऱ्याच्या डहाळ्याची पेंडी ठेवली. मी म्हटलं, बसा मामा, चहा सांगतो.