थारचा दुसरा दांडा: पहिने–वैतरणा परिसरातील अनुभव

सातपूरच्या कारखान्यातून बाहेर पडणारी महिंद्रा थार नाशिककरांना नवी नाही. परंतु त्र्यंबकच्या पुढे, पहिने–वैतरणा परिसरात डांबर संपून मुरूम, सुटे दगड आणि ओढे सुरू झाले की तिच्यावर केलेला खर्च कशासाठी होता, हे कळते. हा अभिप्राय २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या तीन दारांच्या, २.२ लिटर डिझेल, मॅन्युअल गिअरच्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देऊ शकणाऱ्या गाडीविषयी आहे.

इंजिन १३० अश्वशक्तीचे आहे, पण खड्या चढावर खरे काम करतो तो गिअरशेजारचा दुसरा दांडा. गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये घेऊन तो फोर-लोवर, म्हणजे चारही चाकांच्या संथ गिअरवर टाकला की वेग घटतो आणि त्याच प्रमाणात चाकांवरचा जोर वाढतो. पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम दाबला तरी गाडी माणसाच्या चालीने दगडांवरून चढत जाते. उतारावरही हाच गिअर ठेवावा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवते आणि ब्रेक दाबून चाके घसरवण्याची वेळ सहसा येत नाही. मागचे एखादे चाक नुसतेच फिरू लागले, तर वरच्या श्रेणीच्या गाडीत मागचे डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) आपोआप लॉक होते, म्हणजे दोन्ही चाके एकत्र फिरतात. त्या वेळी बसणारा धक्का बिघाडाचा नसतो, हे नवख्या चालकाला आधीच सांगितलेले बरे.

जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर असल्याने बैलगाडीच्या चाकोरीतला मधला उंचवटा सहसा खाली घासत नाही. पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, मात्र श्रावणातल्या वाहत्या ओढ्यात मी त्या आकड्यावर विसंबणार नाही. खरी अडचण भातखाचरांकडच्या चिकणमातीची आहे, कारण ती टायरच्या खाचा भरून टाकते आणि मग चारही चाके फिरूनही गाडी जागची हलत नाही. तेथे टायरमधली हवा कमी करणे उपयोगी पडते. परतताना ती भरण्यासाठी छोटा कॉम्प्रेसर सोबत असावा. कोरड्या डांबरावर फोर-हाय (चारही चाकांना जोर, पण नेहमीच्या वेगाचा गिअर) चालू ठेवू नये, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांमधले डिफरन्शियल नसल्यामुळे वळणावर यंत्रणेवर ताण येतो.

मागच्या आसनावर पुढची सीट सरकवूनच जावे लागते, त्यामुळे घरात वडीलधारी मंडळी असतील तर पाच दारांची थार रॉक्स पाहावी. आणि गंगापूर रोडवर मिसळ खाण्यापुरतीच गाडी हवी असेल, तर २०२३ मध्ये आलेली केवळ मागच्या चाकांवर चालणारी थार पुरे आहे.