मिसा: रिपीट चोख शोधते, मार्कर मात्र आपणच घडवायचे

एखाद्या वृक्षप्रजातीची जनुकीय विविधता मोजायची आहे आणि तयार एसएसआर मार्कर (डीएनएत एकच छोटा तुकडा ओळीने पुन्हापुन्हा येणाऱ्या जागांवरच्या, म्हणजे रिपीटवरच्या, जनुकीय खुणा) नाहीत, अशा वेळी बहुतेक जण आधी असे रिपीट शोधणाऱ्या मिसाकडे वळतात. जर्मनीतल्या आयपीके गाटर्सलेबेन या वनस्पती संशोधन संस्थेतली ही छोटी पर्ल स्क्रिप्ट २००३ मध्ये बार्लीच्या ईएसटींवरील (चालू जनुकांच्या छोट्या सिक्वेन्सवरील) कामातून पुढे आली आणि २०१७ मध्ये तिची वेब आवृत्ती आली. इन्स्टॉल करण्यासारखं काही नाही. फास्टा फाइल (डीएनए सिक्वेन्सची मजकूर-फाइल) आणि आयएनआय सेटिंग फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवून एक कमांड दिली की रिपीटची यादी आणि आकडेवारी अशा दोन फाइली मिळतात.

मूळ सेटिंगमध्ये एका बेसचे (डीएनएच्या एका अक्षराचे) किमान १० रिपीट, दोन बेसचे ६ आणि तीन ते सहा बेसचे ५ धरले आहेत. झाडांसाठी हे जसंच्या तसं चालवू नये. एका बेसचे रिपीट सरळ बंद करा, कारण त्यांच्या स्टटरमध्ये (पीसीआरने डीएनएच्या प्रती काढताना उमटणाऱ्या खोट्या लांबींमध्ये) खरा अलील (त्या जागेचं रूप) ओळखणं अवघड जातं. दोन बेससाठी किमान ८ ठेवा. त्याहून आखूड रिपीट झाडागणिक फारसे बदलत नाहीत. एटी रिपीट यादीत ढिगाने येतात, पण एजी-एसी आधी उचलावेत, ते पीसीआरमध्ये कमी त्रास देतात.

दोन रिपीटमधलं अंतर १०० बेसपेक्षा कमी असेल तर मिसा त्यांना संयुक्त ठरवते. यादी लांबवण्यासाठी हा आकडा शून्य करण्याचा मोह होतो. तो टाळा. शेजारचा रिपीट त्याच पीसीआर तुकड्यात येतो आणि लांबी नेमकी कशामुळे बदलली ते कळत नाही. दुसरी मर्यादा अशी की मिसा फक्त अखंड रिपीट पाहते. मधे एक बेस बदलला की दोन आखूड तुकडे होतात आणि दोन्ही निकषाखाली गेले तर चांगली जागा यादीतून गायब होते.

खरी डोकेदुखी सोबतच्या जोडस्क्रिप्टची, ज्या मिसाला प्रायमर-थ्रीशी (पीसीआरला लागणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, आखणाऱ्या प्रोग्रॅमशी) जोडतात. त्या प्रायमर-थ्रीच्या पहिल्या आवृत्तीच्या टॅगसाठी (इनपुट-आउटपुटमधल्या रकान्यांच्या नावांसाठी) लिहिल्या आहेत आणि दुसऱ्या आवृत्तीत टॅगची नावं बदलली. इनपुट स्क्रिप्टमध्ये सिक्वेन्सचं नाव, सिक्वेन्स आणि टार्गेट हे तिन्ही टॅग बदलावे लागतात. आउटपुटमध्ये पहिल्या जोडीलाही आता शून्य क्रमांक लागतो, त्यामुळे तिथलाही शोध-पॅटर्न दुरुस्त करायचा. एवढं केलं नाही तर प्रायमरचे रकाने रिकामे येतात आणि दोष सिक्वेन्सला दिला जातो.

पण यादी बिघडते ती बहुधा मिसाच्या आधीच. पानांच्या डीएनएत क्लोरोप्लास्टचे रीड (सिक्वेन्सिंगमधून मिळणारे छोटे तुकडे) भरपूर असतात. त्यांचे कॉन्टिग (रीड जोडून बनलेले सलग सिक्वेन्स) ब्लास्टने (सिक्वेन्स जुळवून पाहणाऱ्या प्रोग्रॅमने) शोधून आधी काढून टाका. क्लोरोप्लास्ट हॅप्लॉइड (अलीलची जोडी नसलेला) असतो, शिवाय सपुष्प वृक्षांत तो बहुधा मातेकडून तर शंकुधारींत पित्याकडून येतो. तिथल्या जागांवर हार्डी-वाइनबर्ग (अलीलच्या जोड्यांचं अपेक्षित प्रमाण) तपासणं निरर्थक. मग प्रायमर पुन्हा असेंब्लीवर (सगळ्या कॉन्टिगच्या संचावर) ब्लास्ट करा आणि एकाच जागी बसणारी जोडी ठेवा. शंकुधारींचे जीनोम रेट्रोट्रान्सपोझॉननी (स्वतःच्या प्रती पसरवणाऱ्या डीएनए तुकड्यांनी) भरलेले असल्याने ही पायरी गाळली की एका झाडात चार-पाच पीक (लांबी दाखवणाऱ्या आलेखावरची शिखरं) दिसतात. रिपीट कॉन्टिगच्या टोकाला असेल तर प्रायमरला जागाच उरत नाही. दोन्ही बाजूंना किमान १०० बेस हवेत.

रिपीट बहुरूपी (झाडागणिक बदलणारा) आहे की नाही, हे मिसा सांगत नाही. तिच्यापुढे एकाच झाडाचा सिक्वेन्स असतो. ४८ जोड्या मागवा, फॉरवर्ड प्रायमरला एम-१३ शेपटी (एक ठरावीक छोटा सिक्वेन्स) लावा म्हणजे प्रत्येक जोडीसाठी वेगळा रंगीत प्रायमर घ्यावा लागत नाही, आणि दूरदूरच्या ठिकाणांहून ८ झाडं घेऊन चाचणी करा. एकाच वनातली ८ घेतली तर ती सख्खी भावंडं निघू शकतात आणि चांगला मार्करही एकरूपी वाटतो. तगलेल्या जोड्या मग प्रत्येक समूहातल्या २५-३० झाडांवर चालवा. होमोझायगोट (दोन्ही अलील सारखे असलेली झाडं) अपेक्षेपेक्षा फार दिसले तर नल अलीलचा (प्रायमर न बसल्याने न दिसणाऱ्या अलीलचा) संशय घ्या आणि त्या जागेचा प्रायमर थोडा सरकवून नव्याने आखा.